लाल 'एल' फाडतानाचा फोटो

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून आमचं 'निर्धास्त ड्रायव्हिंग स्कूल' जगासमोर आलं. म्हणजे बेकरी आणि चावीवाला यांच्या मधल्या गाळ्यात ते कित्येक वर्षं उभंच आहे, पण चिमणीचं म्हणणं असं की पेज नसलं तर असून नसल्यासारखं. चिमणी म्हणजे माझी भाची, धाकट्याची मुलगी. धाकटा म्हणजे माझा भाऊ, स्कूलचा मालक, एकुलता एक शिक्षक आणि अत्यंत घुमा माणूस. पेजचं विचारलं तर म्हणाला, "कर काय करायचं ते ताई, मला त्यात ओढू नको," आणि गाडीचं ऑइल बघायला निघून गेला. त्याच्याकडे अजून बटणांचा फोन आहे.

तेव्हा पेज माझ्या गळ्यात, आणि खरं सांगायचं तर मला हवंच होतं. ऑफिसात फोन घेणं, वेळा लावणं, पहिल्या दिवशी घामाघूम होऊन परत येणाऱ्यांना पाणी देणं, हे सगळं मीच करते. मग लोकांशी बोलायचं तर मीच बोलणार ना? पहिला फोटो आमच्या दर्शनी काचेचा टाकला. अर्ध्या तासात कुणीतरी खाली लिहिलं, 'आधी काच पुसा.' मी हबकलेच. आमची काच, आमचं पेज, आणि हा कोण टिकोजीराव? चिमणी म्हणाली, "आत्या, पेज आता सगळ्यांचं असतं." काच मात्र पुसून घेतली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

शिकवायला चौक रंगवलेली फळी आहे, तिच्यावर खेळण्यातल्या दोन गाड्या ठेवल्या, फोटो काढला आणि विचारलं, 'आधी कोण जाईल?' संध्याकाळपर्यंत लोक एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले. खेळण्यातल्या गाड्यांवरून! मी ऑफिसात तोंडावर हात ठेवून वाचत होते. चिमणी मात्र खूश. म्हणाली, भांडणाशिवाय पेज वाढत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

धाकट्याकडे एक नवी बाई शिकायला येते. इतकी हळू बोलते की समोरच्याने श्वास रोखून ऐकावं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मला फोन करू नका हं. कधीच. वेळ बदलली तर मी आले की सांगा." मग जरा थांबून, "आणि कुणी इथे फोन करून विचारलंच, तर दातांचा दवाखाना आहे म्हणाल का? घरी मी दाढ दुखते असं सांगितलंय."

मला असं हसू फुटलं! म्हटलं, "नवऱ्याला सरप्राइज द्यायचंय वाटतं?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. तसंच समजा." मी तिचं नावच दाढदुखी ठेवलंय, मनातल्या मनात. गाडी शिकताना घालायचे सपाट बूट ती आमच्याच कपाटात ठेवते, घरी नेत नाही. केवढा हा बेत! एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या आणि गळ्याभोवती स्कार्फ. उन्हाला किती जपतात काही बायका.

धाकट्याला विचारलं, कशी शिकते? म्हणाला, "चांगली." मग बऱ्याच वेळाने, मी विचारलं नसताना, "फार चांगली. मागे न बघता गाडी काढायची घाई करते तेवढीच." हा माणूस एका दमात दोन वाक्यं बोलला, हीच बातमी.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज माझ्या डोक्यातून एक भन्नाट कल्पना निघाली. टेस्ट पास झालेल्याने गाडीवरचा लाल 'एल'चा कागद आमच्या काचेसमोर उभं राहून टराटरा फाडायचा आणि मी फोटो काढायचा. खाली दोन ओळी माझ्या. आज पहिला मान एका न्हाव्याला मिळाला. मी लिहिलं, 'आजवर इतरांचे केस कापले, आज स्वतःचा एल!' लोकांनी डोक्यावर घेतलं. ज्याला काच घाण दिसली होती त्यानेसुद्धा बदाम पाठवला.

आता लोक मला 'निर्धास्तवाल्या ताई' म्हणायला लागलेत. बेकरीवाल्याने स्वतःहून विचारलं, "ताई, आमचाही टाका की एखादा." माणसाचं नाव व्हायला वय आड येत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दाढदुखी पास झाली! पहिल्याच फेरीत, चढावर गाडी तसूभर मागे न जाऊ देता. धाकटा तिला सोडून लगेच दुसऱ्याला टेस्टला न्यायला मैदानावर गेला, पण जाताना चक्क शीळ घालत होता.

मी फोन काढला तर ती म्हणाली, "फोटो नको ताई. खरंच नको." लाजाळूपणाला काही मर्यादा? म्हटलं बरं, कागद तरी फाड, आमची पद्धतच आहे. तिने बाहेर उभं राहून तो लाल कागद हातात घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम फाडला. आणि हसली. इतक्या दिवसांत मी तिचे दात पाहिले नव्हते. डोकं मागे टाकून, डोळे मिटून, शाळकरी पोरीसारखी हसली. अशा वेळी कुणाचा हात थांबेल? मी आतून, काचेआडून पटकन टिपला. इतका सुरेख आला की काय सांगू. स्कार्फ वाऱ्यावर, कागदाचे दोन तुकडे दोन हातांत.

मजकूर असा: 'घरी सांगितलं दाढ दुखते, आणि शिकून घेतली गाडी! नवऱ्याला न सांगता! आता होऊन जाऊ दे सरप्राइज!!'

चिमणीने संध्याकाळी पाहिलं आणि विचारलं, "आत्या, तिला विचारलंस ना?" मी म्हटलं, "हो हो." बघेल तेव्हा तीच खूश होईल. स्वतःचा असा फोटो कुठल्या बाईला नको असतो?

१० ऑक्टोबर, गुरुवार

अबब! फोटो कुठल्या कुठे गेलाय. ज्यांना आम्ही ओळखत नाही अशा गावांतले लोक तो पुढे पाठवतायत. बायका लिहितायत, 'माझीही दाढ दुखायला लागली.' एक जण म्हणतो, 'बायको दातांच्या दवाखान्यात जाते म्हणाली की आता सावध.' मला हसता हसता ठसका लागला.

पास झाली तरी दाढदुखी येते आहेच, मोठ्या रस्त्यावरच्या सरावासाठी. आज माझ्याशी नेहमीसारखंच बोलली. तिच्याकडे असला फोनच नाही, त्यामुळे तिला यातलं काही ठाऊक नाही. मी मुद्दामच बोलले नाही, एकदम दाखवू म्हटलं.

धाकट्याचं मात्र काहीतरी चाललंय. जुनी पांढरी गाडी धुतली, टाकी भरली, टपावरचा स्कूलचा फलक काढून ठेवला. विचारलं तर "असंच" म्हणे. मला न विचारता गाडी विकायचा घाट दिसतो. मी पण बघतेच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज पेजवर निरोप आला. वाचून माझा आनंद गगनात मावेना. दाढदुखीचा नवरा! लिहितो, 'नमस्कार ताई. फोटोतली बाई माझी पत्नी. मित्राने दाखवला तेव्हा विश्वासच बसेना. मला किती अभिमान वाटला ते शब्दांत सांगता येत नाही. तुमचं पेजही फार छान आहे, तुमच्या लेखणीत जादू आहे. एक विनंती. तिला यातलं काही कळू देऊ नका. ती मला सरप्राइज देणार, त्याआधी मीच तिला देतो. ती तिथे कधी येते?'

किती सभ्य भाषा! नाहीतर आजकाल लोक 'हाय' म्हणून सुरुवात करतात. मी लगेच कळवलं, गुरुवारी सकाळी येते, धाकटा तेव्हा मैदानावरून परतायचा असतो, ऑफिसात मी एकटीच, तेव्हा तुम्हाला लपवायला वाव. त्याने विचारलं, शुक्रवारीही येते का? म्हटलं, वेळापत्रकाच्या पाटीवर शुक्रवारी पांढऱ्या गाडीपुढे तिची खूण दिसते खरी, लांबची फेरी असावी. त्यावर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

असा नवरा मिळायलासुद्धा नशीब लागतं. आमच्या ह्यांनी मला उभ्या जन्मात साधी फुलं आणली नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

उद्याची तयारी झाली. पेजवर जाहीर केलं, 'उद्या सकाळी आमच्यासोबत राहा, डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी घडणार.' थेट दाखवायचं कसं ते चिमणीकडून शिकून घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही. धाकट्यालाही नाही. त्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं, तो घोळ घालेल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

तो सांगितल्या वेळी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी फुलं. म्हणाला, "ताई, तुम्हीच ना त्या? लिहिण्यावरून वाटलंच होतं, अशाच हसऱ्या असणार." मी त्याला रस्त्याच्या चिन्हांच्या फळीमागे उभं केलं आणि फोन उंच धरून सुरू केलं. पेजवर लोक भराभरा जमायला लागले.

ती आली. बूट बदलायला कपाटाकडे वाकली. मी ओरडले, "सरप्राइज! टाळ्या वाजवा मंडळी!" तो फुलं पुढे धरून फळीमागून बाहेर आला.

ती हसली नाही. ओरडलीही नाही. एक पाय बुटात, एक अनवाणी, तशीच उभी राहिली. फरशीवर पाणी पसरत चाललं. मला वाटलं पाण्याची बाटली लवंडली. मी म्हणालेसुद्धा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "अहो, आनंदाच्या भरात बाटलीच सांडली!" पडद्यावर बदाम उडत होते.

तो हसून म्हणाला, "दाढ कशी आहे आता?" मग तिच्या कोपराला धरलं. "चल घरी." ती गेली. घरून घालून आलेल्या चपला इथेच राहिल्या. दारातून जाताना त्याने फोनकडे बघून सगळ्यांना हात केला.

मी फोन ठेवला आणि फडकं घेऊन खाली बसले. बाटली टेबलावर होती. भरलेली, झाकण घट्ट लावलेली. मग पुसता पुसता वास आला.

मोठी बाई. दिवसाढवळ्या. नवरा दिसला म्हणून. मी फडकं हातात धरून तशीच बसून राहिले. माझं तोंड उघडं होतं हे मला नंतर कळलं.

धाकटा आला. म्हणाला, "ती आली नाही अजून?" मी म्हटलं, "तिचा नवरा घेऊन गेला." त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तो शिकणाऱ्यांच्या बाकावर बसला आणि मग बोलला. नवरा तिला मारतो. जिन्यावरून ढकललं होतं एकदा. बाह्या आणि स्कार्फ त्यासाठी. उद्या तिच्या मुलीची शाळा लवकर सुटते. तिथून मुलीला गाडीत घालून ती थेट बहिणीच्या गावी जाणार होती. पांढरी गाडी धाकट्यानेच देऊ केली होती.

मी ओरडले, "मला का नाही सांगितलंस? सख्खी बहीण ना मी तुझी?"

"तिने कुणाला सांगू नका म्हटलं होतं." तो खाली बघत होता. "आणि ताई, तुला सांगितलं असतं तर..."

तसाच उठून पोलीस चौकीकडे धावत गेला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकीतल्या माणसाने काल धाकट्यासमोर माझा व्हिडिओ पाहिला. म्हणे, "फुलं घेऊन आलाय की. नशीबवान बाई. नवरा-बायकोच्या मधे तुम्ही कशाला पडता?" धाकटा आज तिच्या घरावरून दोनदा गेला. पडदे लावलेले. मुलगी शाळेत आलेली नाही.

पेजवर अजून 'किती गोड' चालू आहे. आणि त्यांच्यात एक कुणीतरी लिहिलंय, 'बाटली टेबलावर आहे. नीट बघा.' त्याच्याखाली लोकांना दिसायला लागलं. कुणी लिहितं, 'बिचारी.' आणि कुणी, मला हे लिहितानाही शिसारी येते, हसण्याची चित्रं. हेच लोक! माझ्या न्हाव्याला बदाम पाठवणारे! मी त्यांना सकाळी 'सुप्रभात मंडळी' म्हणत होते!

त्याचाही निरोप आला. 'ताई, तुमचे उपकार. माझ्या घरात काय शिजतंय ते तुमच्यामुळे कळलं. आता तुमच्या भावाकडेही बघू सावकाश.' तीच सभ्य भाषा. पाचावर धारण बसली माझी.

मी फोटो पुसला. काही उपयोग नाही, तो सगळ्यांकडे आहे, माझ्या मजकुरासकट. व्हिडिओ पुसायला गेले तर चिमणीने फोन हिसकावला. "पुसू नकोस आत्या! त्यात तो आहे. लोकांना दिसणार नाही असं करते, पण पुसू नको." मग रडत म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, तिला विचारलंस का. तू हो म्हणालीस." मी पोरीशी खोटं बोलले होते, आणि ते मला आठवतही नव्हतं.

धाकटा जेवला नाही. माझ्याशी बोलत नाही. तो कधीच फार बोलत नाही, पण न बोलण्यातला फरक मला कळतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी फोन वाजला. मी "निर्धास्त ड्रायव्हिंग स्कूल" म्हटलं मात्र, पलीकडची बाई म्हणाली, "तुम्हीच. आवाज ओळखला मी."

तिची बहीण. इतक्या लांब तिच्यापर्यंत व्हिडिओ पोचला होता. म्हणाली, "मी काल रात्रीच निघाले. व्हिडिओत तिला बघितलं तेव्हाच मला कळलं, उशीर झालाय." तिच्यासोबत वकीलबाई होत्या. त्या इथल्या चौकीत न जाता थेट वरच्या अधिकाऱ्यांना भेटल्या, आणि दुपारी दोन महिला पोलीस घेऊन घरात शिरल्या. मायलेकी बाहेर आल्या. त्याला पकडलंय.

मी म्हटलं, "देव पावला. मग ती बरी आहे ना?"

बहीण दवाखान्यातून बोलत होती. म्हणाली, "दाढ दुखते असं तुम्हीच लिहिलं होतं ना? त्याने कुठली दुखते विचारलं. आणि पक्कड आणली."

पुढे ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फोन हातात होता, समोर फळीवर रस्त्याची चिन्हं होती, आणि मला त्यातल्या एकाचाही अर्थ लागेना. थांबा, वळा, पुढे चढ. नुसते रंग. बेकरीवाला काहीतरी विचारायला आत आला आणि माझं तोंड बघून तसाच मागे गेला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पेजवरून सगळं काढलं. न्हावी, खेळण्यातल्या गाड्या, काच, सगळं. लोक विचारतायत, 'ताई, कुठे गेलात? सरप्राइजचं पुढे काय झालं?' मला त्यांची भीती वाटायला लागलीये. त्यांनी काय केलं? काहीच नाही. मी दिलं ते खाल्लं.

दवाखान्यात गेले होते. खोलीबाहेर धाकटा बसला होता. त्याने मान हलवली, आत जाऊ नको म्हणून. मी तिच्या चपला पिशवीत घालून नेल्या होत्या, त्या त्याच्याकडे दिल्या आणि आले.

६ नोव्हेंबर, बुधवार

तो जामिनावर सुटला. आणि मुलगी मागतोय! वकीलबाईंनी मला बोलावून कागदपत्रं दाखवली. त्याच्या अर्जाला माझा फोटो जोडलाय. माझा मजकूर शब्दशः. 'बायको सराईतपणे खोटं बोलते, याची तिने स्वतःच जाहीर थट्टा केली आहे. दाढ पूर्वीपासून दुखत होती. फोटोत ती आनंदी दिसते.' ओळी माझ्या, आणि बोट तिच्याकडे!

वकीलबाई म्हणाल्या, "आपल्याकडे व्हिडिओ आहे. तो दाखवला तर बोलायची गरज राहणार नाही. पण तिची परवानगी हवी. तुम्ही विचारा."

"मी?"

"काढला कुणी?"

ती बाजूच्या खोलीत होती. मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. आईचा एक गाल अजून सुजलेला. मी कधी नव्हे ते अडखळत बोलले. "तो व्हिडिओ... कोर्टात दाखवायचा म्हणतात. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता, तुमच्यासमोर पुसून टाकते. कुणी काही म्हणो. दाखवू का?"

तिने मुलीकडे पाहिलं. म्हणाली, "हिला दिसणार नाही ना?"

"बंद खोलीत असतं. फक्त न्यायाधीश आणि वकील. आणि तो."

"त्याने पाहिलंय." ती म्हणाली. "दाखवा."

मला बरं वाटलं आणि लगेच दुसरी गोष्ट विचारली. लाज वाटते, पण विचारली. म्हटलं, "चिमणी म्हणते आवाज काढून टाकता येतो. नुसतं चित्र. माझं ते ओरडणं, बाटलीचं बोलणं... ते कशाला तुम्हाला पुन्हा ऐकायला लागावं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कुणासाठी विचारतेय ते तिला बरोबर कळलं होतं.

"आवाज राहू दे ताई," ती म्हणाली. बोलताना तिला दुखत होतं, थांबून थांबून बोलत होती. "त्यात तुम्ही किती खूश आहात. माझी आई अशीच खूश असायची त्याच्याशी बोलताना. शेजारचे पण. चौकीतले पण. मी सांगायला गेले की लोकांना त्याचा चेहरा आठवायचा. मला कुणी खोटं म्हणत नव्हतं, नुसतं हसायचे. ते मला कधी कुणाला समजावता आलं नाही. त्यात ते ऐकू येतं."

मुलीने रंगाची पेन्सिल मला टोक काढायला दिली. मी काढून दिलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

खोली लहान होती. खिडकीला जाळी, लांबट टेबल, भिंतीवर मोठा पडदा. चिमणी बाहेर थांबली. धाकटा माझ्या शेजारी बसला. म्हणजे मी बसले आणि तो येऊन शेजारी बसला.

तोही होता. कडक इस्त्रीचा शर्ट. मला बघून त्याने मान लववली, ओळखीच्या माणसाला लववतात तशी. आणि माझी मान, देवाशपथ, आपोआप हलली. मी हादरून गेले. सगळं ठाऊक असून हलली! धाकट्याने पाहिलं.

त्याच्या वकिलाने आधी फोटो लावला आणि माझा मजकूर वाचला. त्या सपाट आवाजात तो ऐकणं म्हणजे स्वतःच्या तोंडात स्वतःच मारून घेणं. 'आता होऊन जाऊ दे सरप्राइज.' मग विचारलं, "ही बाई कुणाला त्रासलेली वाटते का?" पडद्यावर ती डोकं मागे टाकून हसत होती. टेबलापाशी बसलेल्या तिने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मग वकीलबाईंनी व्हिडिओ लावला. आधी माझं बोट दिसलं, मग फरशी, मग कपाट. आणि मग माझा आवाज. त्या एवढ्याशा खोलीत तो कुठे मावेना. "सरप्राइज! टाळ्या वाजवा मंडळी!" कुणी हललं नाही. "अहो, आनंदाच्या भरात बाटलीच सांडली!" बाटली टेबलावर, झाकण लावलेली, सगळ्यांना दिसेल अशी. ती तशीच उभी, एक पाय अनवाणी. "दाढ कशी आहे आता?" हे त्याने विचारलं तेव्हा पडद्यामागून कुणीतरी कौतुकाने हसलं. ती मीच होते.

न्यायाधीशबाईंनी व्हिडिओ मागे न्यायला सांगितला. पुन्हा पाहिला. मग आणखी एकदा. दर वेळी ती गोठायची आणि दर वेळी मी तितकीच खूश व्हायचे. मी हात घट्ट आवळून बसले होते. कान झाकावेत असं फार वाटलं, झाकले नाहीत.

मग त्यांनी तो थांबवला, चष्मा काढला आणि खोलीतल्या सगळ्यांकडे पाहत विचारलं, "हा बाईंचा आवाज कुणाचा आहे?"

मी उभी राहिले.